गणपतीपुळ्याला निघताय तर आधी कॅसेट बघा

जानेवारीत दापोलीहून गणपतीपुळ्याला सायकलवर सामान लादून यायचंय, त्यासाठी कार्बनची चाकं घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. रत्नागिरीत आमचं सायकलचं दुकान आहे, तरी धंद्याला न शोभणारं सांगतो: चाकं राहू द्या, कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, बदला. किनाऱ्याचा रस्ता सपाट, हा घाटावरच्या मंडळींचा लाडका समज. इथे प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, चढायचं. पुढची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी २८ ची असेल तर गुडघे बोलायला लागतील. मागे ३४ घातलीत की पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचाही एकच फेरा, चढ बसून निघतो. मात्र मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, एवढी मोठी चकती पेलतो का ते आधी तपासा; आखूड केजचे (खाली लोंबणारा, साखळी ताणून धरणारा सांगाडा आखूड असलेले) बरेचसे नाही पेलत.

टायर ३२ मिमीचे तरी हवेत.

वाटेत खाडी ओलांडायला दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, दोन्हीकडे फेरीबोट सायकल घेते.

साखळीला ड्राय ल्यूब (कोरड्या हवेसाठीचं वंगण) बरं असं या चर्चेत बहुतेकांनी लिहिलंय. पुण्यात असेल. कोकणात पहाटे दव आणि वर खारा वारा, साखळी बघता बघता तांबडी होते. मी हिवाळ्यातही वेट ल्यूबच (ओल्या हवेसाठीचं दाट वंगण) सुचवेन, कडीकडीला एक थेंब, आणि जादाचं फडक्याने पुसून. पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, मात्र सायकल घालू नका, फोटोसाठीसुद्धा.

नऊ स्पीडची, म्हणजे नऊ चकत्यांची, ११-३४ कॅसेट (सर्वांत लहान चकती ११ दात्यांची, सर्वांत मोठी ३४ ची) सध्या दुकानात आहे. अकरा स्पीडची हवी असेल तर आधी कळवा, मागवावी लागेल.