रोजच्या गाडीला अंडरड्राइव्ह पुली : ठेवावी की काढावी?

मी गेल्या आठवड्यात काढली. क्रॅंकवरची, म्हणजे एंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरची, पट्टा फिरवणारी ही पुली मूळच्यापेक्षा साधारण २० टक्के लहान होती, त्यामुळे त्या पट्ट्यावरचा वीज बनवणारा अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर सगळंच तेवढं सावकाश फिरायचं. एंजिन चटकन रेस घ्यायचं, हे खोटं नाही. पण रात्री पावसात सिग्नलला थांबलो की वायपरच्या प्रत्येक फेऱ्याला हेडलाइट मंदावायचे. मीटर लावला तर १२.३ व्होल्ट! चालू एंजिनात १४च्या आसपास हवेत. म्हणजे चार्जिंग बंद आणि बॅटरीतून खर्च चालू. रोज वापरायच्या गाडीला हे परवडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. वॉटर पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २० टक्के सावकाश फिरवा, ती जवळपास निम्म्यावर येते. ७००० आरपीएमला मूळ पुली पंप गरजेपेक्षा कितीतरी जोरात पळवते. चार्जिंग कमी पडत असेल तर अल्टरनेटरची पुलीही लहान करा, वेग भरून निघतो. मी तीन वर्षं रोज चालवतोय, बॅटरीसुद्धा तीच आहे.

धागाकर्ता
निम्मी, पण कशाची? रोज आपण २०००-२५०० आरपीएमला असतो, तिथे पंप मुळात फारसं खातच नाही. तुमचा घनाचा नियम रेडलाइनजवळ, म्हणजे एंजिनच्या कमाल वेगाजवळ, फळ देणार, आणि तिथे आपण दिवसाला किती सेकंद असतो? अल्टरनेटरचं तर विचारूच नका. दिवे आणि पंखे जेवढी वीज मागतात तेवढी द्यावीच लागते, सावकाश फिरवून ती फुकट होत नाही. आयडल (गाडी उभी असतानाचा एंजिनचा वेग) ७५० आरपीएम आणि क्रॅंक व अल्टरनेटरच्या पुल्यांचं गुणोत्तर २.८ धरलं तर अल्टरनेटर २१०० ऐवजी १६८०वर येतो. नेमका याच टप्प्यात त्याचा करंट झपाट्याने पडतो.

प्रतिसाद २
व्होल्टेज राहू द्या, दोन्ही पुल्या हातात घेऊन बघा. बऱ्याच गाड्यांच्या मूळ पुलीत आतला हब आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये काळ्या रबराचं वळं असतं. ते शोभेला नाही. सिलिंडरमध्ये प्रत्येक वेळी इंधन पेटलं की क्रॅंकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि उलट सुटतो. ती थरथर हे रबर जिरवतं. त्या जागी अ‍ॅल्युमिनियमची भरीव पुली लावली की थरथर क्रॅंकमध्येच राहते. लांब क्रॅंकच्या सरळ सहा सिलिंडरवाल्या एंजिनांना हे सगळ्यात जास्त भोवतं. क्रॅंकच्या पुढच्या टोकावरच ऑइल पंप असेल तर त्याच्या गिअरला तडा जायची भीती. चार हॉर्सपॉवरसाठी अख्खं एंजिन पणाला लावू नका, कळकळीने सांगतोय.

प्रतिसाद १
डॅम्परचा, म्हणजे थरथर जिरवणाऱ्या त्या रबराचा, मुद्दा मान्य. माझी पुली डॅम्परवालीच आहे, हे आधीच लिहायला हवं होतं. भरीव पुली मीही लावणार नाही. पण महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याने डॅम्परवाली का लावू नये, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

धागाकर्ता
ट्रॅकवाल्यांनी जरूर लावावी, माझा वाद रोजच्या गाडीपुरता आहे. प्रतिसाद २, तुमचं वाचून लगेच खाली जाऊन टॉर्च मारली. काढलेली पुली भरीवच होती. आणि परत बसवलेल्या मूळ पुलीच्या रबराला बारीक भेगा आहेत. नवी मागवली आहे, ती येईपर्यंत गाडी उभी.