मदत हवी आहे: लेकॉनचे टाइप-7 आत्ता घ्यावे की टाइप-9 साठी थांबावे?

ओझेवाहू
नमस्कार मंडळी. एलिट डेंजरस या अंतराळ-खेळात मी सध्या लेकॉन या कंपनीचे टाइप-6 मालवाहू जहाज चालवतो आणि आता त्याला अगदी कंटाळलो आहे. शील्ड (संरक्षक कवच) काढून सगळीकडे कार्गो रॅक (मालाचे कप्पे) बसवले तरी 112 टनांच्या फारसा वर माल मावत नाही, त्यामुळे त्याच दोन ठिकाणांमध्ये खेपांवर खेपा घालाव्या लागतात. टाइप-7 मध्ये 300 टनांच्या आसपास आणि टाइप-9 मध्ये जवळपास 790 टन माल मावतो. टाइप-7 आत्ता घ्यावे की टाइप-9 साठी थांबावे, एवढेच कृपया लवकर सांगा. जहाज लेकॉनचेच हवे आहे.

गोदीवाला
आपल्याजवळ क्रेडिट (खेळातले चलन) किती आहेत आणि माल कुठे उतरवता, हे कळल्याशिवाय उत्तर देणे अवघड आहे. टाइप-7 सुमारे 1 कोटी 75 लाखांना आणि टाइप-9 सुमारे 7 कोटी 65 लाखांना मिळते, पण जहाजासोबत येणारे भाग अगदी साधे असतात आणि ते बदलण्याचा खर्च वेगळा असतो.

ओझेवाहू
2 कोटी 10 लाख आहेत. मार्ग चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न जहाजाचा आहे.

तारायात्री
माझे ऐकाल तर ॲस्प एक्सप्लोरर घ्या. तेही लेकॉनचेच आहे, 67 लाखांच्या आत मिळते, टाइप-6 पेक्षा थोडा अधिक माल नेते आणि एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे एका उडीत बरेच लांब जाते. समोरच्या भल्यामोठ्या काचेतून तारा जवळ येताना दिसतो, तेव्हा मी दर वेळी काही क्षण तसाच थांबतो. मी याच जहाजाने कोलोनिया या दूरच्या वस्तीपर्यंत, म्हणजे सुमारे 22,000 प्रकाशवर्षे, गेलो आहे. वाटेत ताऱ्यांजवळून इंधन भरण्यासाठी के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम या वर्गांचेच तारे निवडावेत.

गोदीवाला
तारायात्री, त्यांना भटकंती करायची नाही, माल वाहायचा आहे. ओझेवाहू, शील्ड काढल्याचे आपण ओझरते लिहिले आहे, पण तो निर्णय महागात पडू शकतो. टाइप-6 वर तिसऱ्या वर्गाचे (आकाराचे) शील्ड बसवले तर फक्त 8 टन कमी होतात, सुमारे 104 टन तरीही उरतात.

रिकामीझोळी
याच घाईत मी सगळे क्रेडिट घालून टाइप-7 घेतले होते. तिसऱ्याच खेपेला एका चाच्याने सुपरक्रूझमधून, म्हणजे अतिवेगाच्या प्रवासातून, खाली खेचले. वळायला जड असलेल्या त्या जहाजाने मी सुटकेसाठी झुंजत बसलो आणि हरलो. नष्ट झालेले जहाज परत मिळवण्यासाठी त्याच्या एकूण किमतीच्या 5 टक्के भरावे लागतात, म्हणजे सुमारे 10 लाख, आणि माझ्या खात्यात तेवढे नव्हते. भरलेला माल तर भरपाईत धरलाच जात नाही. आता मी वेग शून्यावर आणून शरण जातो, त्यामुळे उडीचे इंजिन लवकर सज्ज होते, आणि थेट दुसऱ्या तारामंडळात उडी मारतो.

ॲक्सेलवाला
या सगळ्यापेक्षा पायथन घ्या. मध्यम आकाराच्या पॅडवर (उतरण्याच्या जागेवर) उतरते आणि तीनशेच्या जवळपास टन नेते.

गोदीवाला
पायथन लेकॉनचे नाही आणि त्याची किंमत सुमारे 5 कोटी 70 लाख आहे. विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. मात्र पॅडचा मुद्दा आपण नकळत काढलात. ओझेवाहू, माल विकता ते मोठे स्थानक आहे की आउटपोस्ट, म्हणजे छोटे स्थानक?

ओझेवाहू
विकत घेतो ते मोठे स्थानक आहे, विकतो ते आउटपोस्ट आहे. तिथे टनामागे भाव चांगला मिळतो. त्याने काय फरक पडतो?

गोदीवाला
सगळा फरक त्यानेच पडतो. आउटपोस्टवर मोठा पॅड नसतो, आणि टाइप-7 व टाइप-9 दोन्हींना मोठाच पॅड लागतो. टाइप-7 पाहताना मध्यम पॅडवर बसेल असे वाटते, पण उंचीमुळे बसत नाही. तीनशे टन माल घेऊन आपण दारात पोहोचाल आणि उतरण्याची परवानगीच मिळणार नाही.

रिकामीझोळी
मग मार्ग बदलावा. समजा आउटपोस्टवर टनाला 15,000 नफा आहे, तर 104 टनांचे 15 लाख 60 हजार होतात. मोठ्या पॅडच्या ठिकाणी टनाला 10,000 च मिळाले, तरी शील्ड धरून 270 टनांचे 27 लाख होतात. ग्रहांवरच्या बंदरांतही मोठे पॅड असतात.

गोदीवाला
हिशेब बरोबर आहे, पण लेकॉनच्याच टाइप-8 चा विचार कोणी केलेला दिसत नाही. 2024 मध्ये आलेले हे जहाज मध्यम पॅडवर उतरते आणि चारशे टनांच्या आसपास माल नेते. ते टाइप-7 पेक्षा महाग आहे, पण आपला आउटपोस्ट सोडावा लागणार नाही.

तारायात्री
ॲस्पही मध्यम पॅडवर उतरते, एवढे नमूद करतो.

ओझेवाहू
तारामंडळाच्या नकाशात आत्ताच पाहिले. माझ्या आउटपोस्टवर दोन लहान आणि एक मध्यम पॅड आहे, मोठा एकही नाही. ही गोष्ट मी सुरुवातीलाच सांगायला हवी होती. टाइप-6 वर शील्ड परत बसवून टाइप-8 साठी क्रेडिट जमवतो आहे. टाइप-8 वर कोणत्या वर्गाचे शील्ड बसवता, तेवढे गोदीवाल्यांनी सांगावे.