इटरेशन म्हणजे नुसती पुनरावृत्ती नव्हे

घोटीव: काल कुणीतरी लिहिलं की 'पुनरावृत्ती हा चांगला शब्द असताना इटरेशन कशाला मिरवता', आणि खाली सगळे वाहवा करत सुटले. मराठीचा आग्रह मलाही आहे, पण अर्थ मारून नको. २ चं वर्गमूळ काढायचंय असं समजा. अंदाज १ धरा. मग २ ला त्यानं भागा, आलेल्या आकड्याची आणि अंदाजाची सरासरी घ्या, १.५ आलं. आता १.५ वर तेच करा, १.४१६६. अजून एकदा, १.४१४२१. तिसऱ्या फेरीत पाच दशांश स्थळं बरोबर! कृती तीच, पण दर वेळी आधीचं उत्तर हाताशी घेऊन. पुनरावृत्ती तर चुकीचीही होते, म्हणून ती चूक सुधारते का?

अर्धविराम: मग आवर्तन म्हणा की. तयार शब्द आहे.

घोटीव: आवर्तन म्हणजे फिरून त्याच जागी येणं. १/३ चा आवर्ती दशांश शाळेत शिकलोय सगळे, ०.३३३, तोच आकडा शेवटपर्यंत. नाही चालणार.

लूपवाला: तुमचा दावाच अर्धवट आहे. मी रोज कोड लिहितो. नावांची यादी, फॉर लूप म्हणजे तीच आज्ञा यादीतल्या प्रत्येकासाठी फिरून चालवणं, एकेक नाव छापत जायचं. त्या प्रत्येक फेरीला इटरेशनच म्हणतात आणि त्यात कणभर काही सुधारत नाही. मूळ लॅटिन 'इतेरुम' म्हणजे फक्त 'पुन्हा'. सुधारणेचा अर्थ नंतर चिकटलाय. आमच्या ऑफिसात तर 'पुढच्या इटरेशनमध्ये करू' म्हणून अर्धवट काम बिनधास्त ढकलतात, आणि ते परत कोणी उघडूनही बघत नाही.

काचघाश्या: मी दुर्बिणीचा आरसा हातानं घासून केलाय. आधी कार्बोरंडमची, म्हणजे काच घासायची, जाड पूड, मग बारीक, मग पॉलिश. पण खरं काम पॉलिशनंतर सुरू होतं. फूकोची चाचणी लावायची, ब्लेडच्या कडेनं प्रकाश अडवायचा आणि आरशावरच्या सावल्या बघायच्या, कुठं उंचवटा राहिलाय कुठं खड्डा पडलाय ते कळतं, मग तेवढ्याच जागी थोडं पॉलिश आणि परत चाचणी. एकदा उत्साहात न तपासता घासत बसलो तर होता तो आकारही बिघडला. दोन फेऱ्यांच्या मध्ये तपासणी नसेल तर त्याला काहीही नाव द्या, ते नुसतं घासणं.

जुनाबाड: आवृत्तीचं काय मग? पुस्तकावर 'दुसरी सुधारित आवृत्ती' छापलेलं बघून विकत घेतलं, पहिली घरात होतीच. शेजारी ठेवून वाचली. त्याच पानावर तीच मुद्रणदोषांची रांग! ते पुनर्मुद्रण होतं, तसं छापायला काय झालं?

अर्धविराम: पुनर्मुद्रणाला आवृत्ती म्हणायची पद्धत जुनी आहे, वाचकाला कळतं ते.

जुनाबाड: काय कळतं? पैसे गेल्यावर कळतं! असल्या ढिलाईमुळेच शब्द मरतात.

अर्धविराम: आवाज चढवू नका. मी स्वतः मुद्रितशोधन करते. लेखक दुरुस्त्या देतो आणि त्या छापखान्यात पोचतच नाहीत, हे डोळ्यांनी बघितलंय. सगळे लबाड नसतात.

जुनाबाड: पोचल्या नाहीत तर 'सुधारित' तरी छापू नका!

घोटीव: धागा कुठं चाललाय? लूपवाल्यांचं मानावंच लागेल, लूपमधल्या इटरेशनला साधं 'फेरी' पुरतं. पण आधीचं घेऊन पुढं जायचं तिथं 'फेरसुधारणा' म्हणू. फेरविचार, फेरतपासणी आपण बोलतोच.

लूपवाला: फेरसुधारणा वाचून सरकारी परिपत्रक वाटतं. लेखावर परत एकदा हात फिरवला म्हणतो ना आपण? तो 'हात' घ्या.

घोटीव: वर्गमूळावर कसा हात फिरवणार?

अर्धविराम: बरं, 'सुधारित' छापलं तर काय सुधारलं ते दोन ओळींत सांगावं, एवढं मान्य. पुनर्मुद्रणाबद्दल जे लिहिलंय ते मात्र मागे घेत नाही.