चर्चा : आयुष्य म्हणजे दगडावर कोरलेलं नाव, की वाहतं पाणी?

गोदाकाठ

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा पाचव्या शतकातला संस्कृत लेख आहे. त्याचा आशय असा : जगात माणसाची आठवण ताजी असेस्तोवर तो स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतोवर टिकेल असं स्मारक डोंगरात उभारावं.

ही कल्पना मराठवाड्यात आजही तितकीच जिवंत आहे. डोंगराच्या जागी आता वेशीवरची कमान आली, एवढंच. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की वर्षश्राद्धापर्यंत काहीतरी उभं राहिलं पाहिजे आणि त्यावर 'स्मरणार्थ' लिहिलं पाहिजे, असं आपण धरूनच चालतो. त्याच गावातली बारव गाळाने भरलेली असते.

मला वाटतं, आयुष्याची ही प्रतिमाच आपण सोडून द्यावी. माणूस नहरीसारखा, म्हणजे जमिनीखालून पाणी नेणाऱ्या कालव्यासारखा जगावा. मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून विकला गेला होता. तो निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने खडकी शहर वसवलं आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून तिथे आणलं. खडकीचं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर झालं. त्याचं शहर त्या नावाने उरलं नाही. पाणी मात्र कित्येक पिढ्या प्यायल्या, आणि पिताना कुणाला त्याचं नाव घ्यावं लागलं नाही. वारसा म्हणायचा तो हाच.

तेरणाकाठची

दादा, ज्या नहरीचा दाखला देताय तिचं नावच नहर-ए-अंबरी आहे. म्हणजे अंबरचं नाव टिकलंच की. टिकलं नाही ते चर खणणाऱ्यांचं, नळ भाजणाऱ्यांचं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही.

"नाव नको, काम उरावं" हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ते नेहमी बायकांना सांगितलं जातं. आई घरासाठी झिजली, तिला कशाला नाव पाहिजे? आजी शेतात राबली, सातबाऱ्यावर मात्र आजोबा, मग काका, मग चुलतभाऊ. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी बाप गेला की दहाव्या-तेराव्याला आलेल्या लेकीपुढे हक्कसोडपत्र येतंच. सही केली नाही तर माहेर तुटतं. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून सांगितलं, ते उगाच नव्हतं. कागदावर नाव नसेल तर राबणं हिशेबात धरलं जात नाही.

आणि आपली गंगाखेडची जनाबाई बघा. दळणकांडण करणारी दासी, पण अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घातल्याशिवाय राहिली नाही. 'नामयाची दासी जनी' ही तिची मुद्रा. तिनेही "नाव कशाला" म्हटलं असतं तर आज आपल्याला ती ठाऊकच नसती. तिचे अभंग दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर खपले असते.

कोरडवाहू

तुम्ही दोघंबी पाण्याची अन् नावाची गोष्ट करायलात, मला पाण्याचीच प्रतिमा खटकायली. वाहतं पाणी म्हणं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते विसरलात का? आपल्याकडं खाली काळा कातळ हाय. पाणी मुरतं ते वरच्या भुसभुशीत थरात अन् भेगांत, तेबी थोडंच. दोनशे फुटाला लागलं नाही तर पाचशे, मग आठशे. ते खालचं पाणी लई जुनं असतंय, एका पावसाळ्यात भरून निघत नाही. आमच्या पिढीनं उसापायी ते उपसलं. पोराला काय ठेवलं? कोरडी बोअर अन् बँकेचा बोजा.

म्हणून मी तर आयुष्याला उसनवारीच म्हणतो. आधीच्यांकडून उसनं घेतलं, ते पुढच्यांना फेडायचं. काय देऊन चाललो ते मागून मोजू, आधी काय खाऊन चाललो ते मोजा.

माळवद

किल्लारीच्या बाजूचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे आमच्याकडे भूकंप झाला ते सगळ्यांना माहीत आहे. लोक का मेले ते मात्र कमी जणांना माहीत असतं. घरं वाड्यासारखी, दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा थर. पणजोबांनी बांधलं ते सात पिढ्या टिकावं म्हणून. दरवर्षी गळती थांबवायला वरून आणखी माती टाकायची, म्हणजे ओझं वाढतच गेलं. त्या रात्री तोच वारसा झोपलेल्यांच्या अंगावर आला.

नंतर गावं नव्या जागी वसली, हलकी घरं आली. तेव्हापासून 'टिकाऊ' या गोष्टीचं मला कौतुक उरलेलं नाही. पुढच्यांसाठी असं काही ठेवावं जे त्यांना गरज पडली तर मोडता येईल. जमीन असो, रीत असो, घराण्याचं नाव असो. पणजोबांचं बांधकाम वाईट नव्हतं. आपल्यानंतरचे लोक त्यात बदल करतील असं मात्र त्यांनी धरलंच नव्हतं.

गोदाकाठ

माळवद, तुमचा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि लगेच शोधणारही नाही.

ताई, सातबाऱ्यावरचं नाव हा हक्क आहे, त्याबद्दल आपला वाद नाहीच. वेगळं होतं मेल्यानंतरच्या नावाचं. ते हौसेचं असतं आणि त्याला मर्यादा राहत नाही. अजिंठ्याच्याच १० क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये खांबावर, थेट चित्रावर आपलं नाव खरवडलं. दोन हजार वर्षांच्या जागेत त्याला आपणच दिसलो पाहिजे असं वाटलं. कमानीवर नाव टाकणाऱ्यात आणि त्याच्यात मला फार अंतर दिसत नाही.

लेणीवेडा

त्याच १० नंबरच्या लेण्यात आणखी एक नाव आहे, स्मिथच्या कितीतरी आधीचं, ब्राह्मी लिपीतलं. वासिठिपुत कटहादि. लेण्याच्या दर्शनी भागासाठी त्याने दान दिलं. वासिठीचा मुलगा, म्हणजे ओळख आईची. त्याने काही खरवडलं नाही. जे दिलं त्यावरच लिहिलं. दोन्ही नावं एका मापाने मोजू नका.

आणि नंतरच्या भिक्षूंनी चित्रांबरोबर छोटे दानलेख लिहून घेतले, त्यांत बहुतेकदा एकच मागणं असतं : या दानाचं पुण्य आईवडिलांना आणि सर्व प्राणिमात्रांना मिळो. देणारा नाव सांगतो, पण फळ स्वतःकडे ठेवत नाही. हे जमतं असं त्यांनी दाखवलंय. चित्रकारांची नावं मात्र तिथेही नाहीत, हे ताईंच्या बाजूने.

तेरणाकाठची

मग चित्रकारांपाशीच थांबू. गोदाकाठ दादा हक्क वेगळा आणि हौस वेगळी म्हणतात, पण आमच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी गेलं. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी पाझर तलावाच्या कामावर होती. मिलो ज्वारीची भाकरी, सुकडी, डोक्यावर मातीचं टोपलं, पोर बांधाच्या सावलीला. मजुरीच्या मस्टरवर तिचा अंगठा होता. तलावावर पाटी आहे ती उद्घाटन करणाऱ्याची. त्या तलावाखालच्या विहिरी आजही त्या मातीवर भरतात. गावातल्या पोरांना विचारलं की तलाव कुणी बांधला, तर ती पाटीवरचं नाव सांगतात.

तुम्ही म्हणता तसं नुसतं पाणी उरलंय इथे. मला ते पुरत नाही.

कोरडवाहू

आमच्या मायनंबी त्याच साली खडी फोडली. ताई बरोबर म्हणायल्यात. उसनवारी म्हणतो मी, तर मग कुणाकडून घेतलं ते लिहून ठेवलंच पाहिजे, नाहीतर फेडायचं कुणाला?

त्या कामावरचे काही म्हातारे अजून हायेत गावागावात. मस्टर कुठं असतील नसतील, त्यांना मात्र सोबतीणींची नावं तोंडपाठ हायेत. उन्हाळ्यात मी आमच्या तीन गावांत विचारून लिहून काढतो. तेरणाकाठच्या ताई, तुमच्याकडचं कोण करतंय?