मदत हवी आहे : शुगरचे पेशंट खरंच वाढलेत की नुसते जास्त सापडतायत?

नमस्कार मंडळी, एकाच भागातले तपासणीचे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून बघतेय, डायबेटीसवाल्यांची टक्केवारी चांगलीच चढलेली दिसतेय पण त्यातली खरी वाढ किती तेच कळेना. म्हणजे बघा, टेस्टिंग वाढलं की ज्यांना आधी पत्ताच नव्हता ते पेशंट सापडतात, शिवाय उपचारांमुळे लोक जास्त जगतात मग नवीन पेशंट तेवढेच राहिले तरी एकूण आकडा फुगतो (आणि ही तर चांगलीच गोष्ट आहे!). त्यात निकषही बदललेत, १९९७ च्या आधी उपाशीपोटी शुगर १४० असली की डायबेटीस धरायचे, मग ते १२६ वर आणलं, आणि पुढे २०१०-११ पासून एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची टेस्ट) ६.५ टक्के किंवा जास्त आलं तरी निदान होतं. पण लोह कमी असलेल्यांचं एचबीए१सी उगाचच थोडं जास्त येतं ना, मग रक्त कमी असलेल्या बायकांचे आकडे कसे वाचायचे?

वय सारखं करून तुलना करायची एवढं माहितीये. पण दोन वेळच्या टेस्टच वेगळ्या असतील तर काय करता तुम्ही? मला खरी काळजी तिशीतल्यांची वाटतेय, कारण तिथे म्हातारपणाचं कारण लागू होत नाही, तर फक्त तोच वयोगट वेगळा काढून बघितला तर चालेल का? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.