प्रति: जनुकातच असेल तर पथ्य कशाला?

किडनीचा आजार जनुकातच असेल तर औषध-पथ्य करून काय उपयोग, असं वर एकांनी विचारलंय. एपीओएल१ या जनुकाचं उदाहरण बघा. त्याचं प्रथिन आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचे, म्हणजे त्सेत्से माशीतून येणारे परजीवी रक्तात मारतं. काही परजीवी त्याला दाद देईनात. जी१ आणि जी२ हे बदललेले प्रकार त्यांनाही मारतात, म्हणून पश्चिम आफ्रिकेत ते टिकले, पसरले. पण आई-वडील दोघांकडून असा प्रकार आला की किडनीला धोका. अमेरिकेतल्या सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीयांत अशा दोन प्रती असतात.

तरी दोन प्रती असलेल्या बहुतेकांची किडनी ठणठणीतच राहते. बिघडायला बहुधा दुसरं निमित्त लागतं, त्यात एचआयव्ही सगळ्यात ठळक. एचआयव्हीची औषधं वेळेवर सुरू झाली की जनुक तेच राहूनही तो किडनीविकार बराच टळतो.

आपल्याकडे हे प्रकार जवळपास आढळत नाहीत, त्यामुळे या जनुकाच्या टेस्टच्या भानगडीत पडू नका. शुगर किंवा बीपी असेल तर क्रिएटिनिनसोबत (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्या, ते बरेचजण विसरतात.