मदत हवी आहे: गॅस गीझर बाथरूममधून ड्राय बाल्कनीत हलवायचा आहे

नाशिकरोडला वरच्या मजल्यावर 6 लिटरचा एलपीजी गीझर आहे. बाथरूममध्ये तो नकोच. दार लावलं की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो, ज्याला रंगही नाही अन् वासही नाही.

अडचण नळीची आहे. सिलिंडर ते बाल्कनी 3 मीटर, मध्ये एक भिंत. रबरी सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि भिंतीतून तर मुळीच नको. मग तांब्याचा पाइप कोणत्या मापाचा घ्यावा? भिंतीत स्लीव्ह (पाइप ज्यातून जातो ती बाहेरची नळी) टाकावी ना?

दुसरं, ज्योतीची टोकं पिवळी आहेत, वरच्या पत्र्यांवर काजळी. साबणाच्या पाण्याने सगळे सांधे तपासले, बुडबुडा नाही. बर्नर ब्रशने साफ केला, सेल नवे. जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक छिद्र) बदलावा की हवेची वाट अजून कुठे तुंबते?

थंडीत बाल्कनीतल्या वाऱ्याने ज्योत विझेल म्हणून घरचे तिथे काच लावा म्हणतात. ते नको वाटतं. एलपीजी जड, खाली साठतो. काचेऐवजी आडोसा कसा करता? पाण्याची टाकी जेमतेम 2 मीटर वर आहे, तेवढ्या दाबावर गीझर नीट पेटेल का?

नाशिकमध्ये हे काम नीट करणारं कोणी माहीत असेल तर कृपया सांगा.